नणंदेची मुलगी

"दोघंच ना?" एजंटने जिना चढता चढता विचारलं, आणि नवऱ्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "हो, दोघंच."

खोटं बोलायचं ठरवून काही गेलो नव्हतो. आमची लेक त्या दिवशी माझ्या धाकट्या नणंदेकडे होती, एवढंच. तिला खोकला होता, आणि नुकतंच काम झालेल्या घरात रंगाचा वास असणार म्हणून मीच तिला नेलं नव्हतं. खालच्या दारापाशी एजंटने सांगितलं होतं, "मालकीणबाई तळमजल्यावर असतात. बाई देवमाणूस. अट एकच, लहान मूल नको. मुलं आवडत नाहीत त्यांना." तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. पण आलोच आहोत तर बघून घेऊ असं मला वाटलं, आणि वर गेल्यावर मी भिंतीला हात लावला.

भिंत कोरडी होती.

त्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. नाल्याकडच्या आमच्या दोन खोल्यांत भिंतीला हात लावला की तळहात ओला व्हायचा. कपाट जरा सरकवलं की मागे काळ्या बुरशीचे ठिपके. ते मी ब्लीचने पुसायचे, आठवड्यात ते परत यायचे. लेकीला तान्ही असल्यापासून खोकला होता. रात्री तिच्या छातीतून बारीक शिट्टी यायची आणि ती ऐकत मी जागी असायचे. थांबली तर का थांबली म्हणूनही जागी. शेवटी मुलांच्या डॉक्टरबाई वैतागून म्हणाल्या होत्या, "औषध मी देत राहीन हो, पण तुम्ही भिंत बदला."

आणि इथे ही भिंत. शहराच्या जुन्या भागातली गल्ली, उंच चिंचोळी घरं एकमेकांना खांदा लावून उभी, रस्ता दगडी. बाहेरच्या दाराचा रंगसुद्धा जुन्या वास्तू जपणाऱ्या कचेरीला विचारल्याशिवाय बदलता येत नाही अशा ठिकाणचं घर. लोक सुट्टीच्या दिवशी येऊन परक्यांच्या दारांचे फोटो काढतात. मालकीणबाईंनी मात्र आतून सगळं नवं करून घेतलं होतं. जमिनीच्या जुन्या फळ्या घासून पॉलिश केलेल्या, खिडक्यांना दुहेरी काचा, नवा ओटा, वर उतरत्या छपराचा माळा. उन्हाचा एक मोठा चौकोन बैठकीच्या खोलीत पडला होता. त्यात मला माझी लेक रांगताना दिसत होती. ती नाहीच, असं मी नुकतंच सांगून बसले होते.

"दोघांना जरा मोठंच होईल," एजंट म्हणाला.

"पाहुणेरावळे असतात," मी म्हणाले.

 नवरा कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करतो. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासत बसणारा माणूस, फार बोलत नाही. परतताना बसस्टॉपवर आल्यावर म्हणाला, "पोरीला कुठे ठेवायचं? कपाटात?"

"आधी आत तर जाऊ. मग सांगू. एकदा तिला बघितलं की कुणाला नको वाटेल ती?"

"हे तू त्यांना आजच म्हणू शकली असतीस."

मी बस आली का ते बघितलं.

सामान लावलं त्या दिवशीही लेक नणंदेकडेच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आणलं. मालकीणबाई पाव आणायला बाहेर पडल्या तेवढ्यात वर नेलं. मी ठरवलं होतं की दुपारी स्वतःच खाली जायचं, तिला कडेवर घेऊन, नीट सगळं सांगायचं. पण ती दुपारच्या आधीच रडली. नवी जागा, नवा पाळणा, आणि लाकडी जमीन. खाली ऐकू जाणारच होतं. दारावर टकटक झाली.

मालकीणबाई उंच, सडपातळ, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, कानामागे ऐकायचं यंत्र. नगर नियोजनाच्या कचेरीत चाळीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेल्या. "ड्राफ्ट्समनच म्हणायचे मला," त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "हुद्दा बदलायचा तर अर्ज करावा लागला असता." आता त्या दारात उभ्या होत्या आणि माझ्या खांद्यावरच्या मुलीकडे बघत होत्या.

"हे कोण?"

मी सांगणार होते. शब्द तयार होते. पण खोली उन्हाने भरलेली होती, आणि माझ्या तोंडातून आलं, "नणंदेची मुलगी. नणंद नोकरी करते ना. दिवसभर मी सांभाळते."

"रोज?"

"रोज."

त्यांनी जरा विचार केला. "संध्याकाळी घरी जाते ना?"

"हो, हो. जाते की."

त्या बरं म्हणून खाली गेल्या. मी दार लावलं आणि तिथेच खाली बसले. लेक रडायची थांबून माझ्या गळ्यातली साखळी चघळत होती.

नणंदेला फोन केला. ती पोहायला शिकवते, त्यामुळे तिचा आवाज कायम तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल एवढा असतो. "वहिनी, मला न विचारता आई केलंत? पोराचा बाप कोण ते तरी सांगा, उद्या कुणी विचारलं तर!"

"चेष्टा नको गं. फक्त थोडे दिवस."

"थोडे दिवस म्हणजे? दहावी होईपर्यंत?"

अशी आमची तऱ्हा सुरू झाली. संध्याकाळी नवरा कामावरून आला की लेकीला टोपी-मोजे घालून, मालकीणबाईंच्या दारावरून मुद्दाम मोठ्याने बोलत, बाबागाडी घेऊन निघायचा. "चला, आईकडे जायचं ना?" असं तिला म्हणायचा. ते ऐकताना मला दर वेळी कसंतरीच व्हायचं. गल्लीला वळसा घालून, बाबागाडी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे ठेवून, बातम्या सुरू झाल्या की तो परत यायचा. लेक त्याच्या मोठ्या कोटाच्या आत, झोपलेली. मालकीणबाई बातम्या फार मोठ्या आवाजात लावायच्या. झोपताना त्या कानातलं यंत्र काढून ठेवायच्या. मग तोफा उडाल्या तरी कळणार नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे रात्रीचं भय नव्हतं. सकाळी पुन्हा सगळं उलट.

एकदा त्या नवऱ्याला जिन्यात भेटल्या. वर येऊन मला म्हणाल्या, "तुमच्या यजमानांना थंडी फार वाजते वाटतं."

"लहानपणापासून," मी म्हणाले.

मी शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासते, घरबसल्या. चुका शोधायची सवय हाडात मुरलेली आहे. जमिनीवर पडलेलं बटण, टेबलाची टोकदार कड, गरम कप काठापासून किती आत आहे, सगळं मला आधी दिसतं. नवरा म्हणतो, तुला घर दिसतच नाही, नुसते अपघात दिसतात. तर अशा मला हेही दिसत होतं की माझी लेक बदलते आहे. पहाटे ती रडायला लागली की मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवायचे. दाबून नाही, नुसता ठेवायचे. मालकीणबाई कधी उठून यंत्र कानात घालतील याचा भरवसा नव्हता. काही दिवसांनी मी पाळण्याशी पोचले तर ती जागी होती, ओठ वाकडे, डोळ्यांत पाणी, आणि आवाज नाही. माझी वाट बघत होती. वर्षाचीही झाली नव्हती आणि आवाज न करता रडायला शिकली होती.

खोकला मात्र गेला होता. अगदी गेला. रात्री शिट्टी नाही, काही नाही. मी अंधारात कान लावून पडायचे आणि मला नुसता श्वास ऐकू यायचा, मऊ, सरळ. त्या श्वासासाठी मी आणखी पाच वेळा खोटं बोलले असते.

मालकीणबाई वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. त्या वाईट नव्हत्या. नळाचा वॉशर स्वतः बदलून द्यायच्या. स्क्रू, पाने, करवती, सगळी हत्यारं जिन्याखाली ओळीने टांगलेली. जिन्याचा लाकडी कठडा त्यांनी स्वतः साफ केला होता. रंगाचे थर चाकूने आणि सँडपेपरने खरवडत त्या दोन हिवाळे तिथे पायरीवर बसल्या होत्या. कातीव काम केलेले जुने गज. सगळे सारखे वाटतात पण हाताने कोरलेले, म्हणून प्रत्येक जरा वेगळा. जाता-येता त्या एखाद्यावरून बोट फिरवायच्या, मांजराच्या पाठीवरून फिरवावं तसं.

आणि नणंदेवर त्यांचा राग होता. म्हणजे ज्या बाईला त्यांनी पाहिलंही नव्हतं तिच्यावर.

"रविवारीसुद्धा सोडते?" त्या विचारायच्या. "आजारी पडली की कुणाकडे असते ही? तुमच्याचकडे? मग ती बाई करते काय?"

मी काय बोलणार? "तिला वेळ नसतो," असं पुटपुटायचे. एकदा तर, काहीतरी बोलायचं म्हणून, "जरा निष्काळजीच आहे ती," असंही म्हणाले. म्हटल्यावर जीभ चावली. माझ्या लेकीला ताप आला होता तेव्हा दोन रात्री माझ्याबरोबर जागणारी ती.

शेवटी नणंदच म्हणाली, "वहिनी, एकदा मला दाखवून टाका. नाहीतर त्यांना वाटेल मी मेले." एका रविवारी ती 'मुलीला न्यायला' आली. आणि खालच्या दारातच सापडली. मी वरून कठड्यावरून वाकून बघत होते. मालकीणबाई काय बोलल्या ते नीट ऐकू आलं नाही. त्यांचा आवाज हळू, आणि नणंदेचा, आयुष्यात पहिल्यांदा, त्याहून हळू. "हो." "बरोबर आहे तुमचं." "चुकतं माझं."

वर आली तेव्हा हसत होती. "पोर न होताच वाईट आई झाले. रेकॉर्डच असेल." तिने लेकीला उलटं धरून हवेत झुलवलं, लेक खिदळली. मी ओरडले, "अगं हळू, नीट धर!"

"बघा, आईसारखं धरताही येत नाही मला." मग खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत म्हणाली, "पुढच्या वेळी निदान चांगली आई तरी करा. त्या म्हणाल्या, असं मूल पदरात असून तुम्हाला किंमत नाही. मी काय सांगणार त्यांना?"

तिने कधी सांगितलं नाही, पण मूल व्हावं म्हणून ती आणि तिचा नवरा दवाखान्यांच्या चकरा मारत होते हे मला माहीत होतं. आईचं नाव सांगायची वेळ आली तेव्हा मला तिचंच सुचलं होतं.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले, उद्या सांगते मी त्यांना. तो म्हणाला, "मी येऊ बरोबर?" मी म्हणाले, नको, मीच बोलले होते, मीच सांगेन.

उद्या उजाडला आणि मालकीणबाई आपणहूनच वर आल्या. मला जिन्यावर बोलावलं. "हे एकदा बघून ठेवा," म्हणाल्या, आणि दोन गजांच्या मधल्या फटीत मूठ घालून दाखवली. मूठ सहज आत गेली. "तुम्ही मुलीला कडेवरून नेता-आणता, ते ठीक. पण ती आता रांगते. दार उघडं राहू देऊ नका. मी वास्तूंच्या कचेरीकडे मधे आणखी गज घालायची परवानगी मागितली होती. म्हणाले, मूळ रचनेला हात लावायचा नाही. मूळ रचना! पूर्वी काय मुलं नव्हती? पडत असतील." त्यांनी मूठ बाहेर काढली. "म्हणून मी लहान मूल असलेल्यांना देत नाही घर. तो एजंट सांगत सुटतो की मला मुलं आवडत नाहीत. सांगू दे. निदान भांडत तरी नाही कुणी."

मी त्या फटीकडे बघत राहिले. ती मला पहिल्या दिवशीच दिसली होती. दिसली नसती तरच नवल. त्याच आठवड्यात मी दुकानात जाऊन कठड्याला बांधायची जाळी हातात घेऊन बघितली होती आणि परत ठेवली होती. जाळी बांधली की मूल इथेच राहतं हे उघड होणार. दिवसभर येऊन जाणाऱ्या भाचीसाठी कुणी जिन्याला जाळी बांधत नाही. म्हणून मी दाराला आतून आरामखुर्ची लावायचे. एवढीच माझी सगळी काळजी, एक आरामखुर्ची.

आता सांगायचं. हीच वेळ. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात लेक रांगत दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई."

पहिल्यांदा. अगदी स्वच्छ. तोवर नुसतं "आ-आ-आ" चालायचं.

"अगं बाई," मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला आई म्हणते?"

"सगळ्यांनाच म्हणते," मी म्हणाले. "पंख्यालासुद्धा."

त्या हसल्या. मीही हसले. लेकीला वाटलं काहीतरी छान केलं, म्हणून तीही हसली आणि पुन्हा म्हणाली, "आई. आई."

"तिच्या आईला सांगा हो मात्र," मालकीणबाई उतरताना म्हणाल्या. "मूल दुसऱ्याला आई म्हणायला लागलं की उशीर झालेला असतो."

"सांगते," मी म्हणाले.

नवऱ्याला मी ती 'आई' म्हणाल्याचं सांगितलंच नाही. दोन दिवसांनी ती त्याच्यासमोर म्हणाली तेव्हा तो नाचायचा बाकी राहिला. "ऐकलंस? पहिल्यांदा!" मी म्हणाले, हो, ऐकलं.

मग तो गुरुवार आला.

लेकीचे कपडे मी मागच्या खिडकीबाहेर वाळत घालत नसे. मालकीणबाईंच्या अंगणातून दिसली असती ती सगळी झबली. मी ते माळ्यावर, छपराच्या तुळईला दोरी बांधून वाळवायचे. सकाळची वेळ होती. लेक खेळत होती, मी धुतलेल्या कपड्यांचा टब घेऊन वर गेले, दोन मिनिटांत येते म्हणून. खुर्ची दाराला लावली होती का? लावली नव्हती. थोड्या वेळापूर्वी कचरा खाली ठेवून आले होते, दार ओढलं होतं, पण त्या जुन्या दाराची खिट्टी वर उचलून बसवावी लागते. ती बसली नव्हती.

शेवटचा मोजा दोरीवर टाकत होते तेव्हा खालून मालकीणबाईंची हाक आली. हाक नव्हे, ओरड. "अहो! लवकर या! अहो वर कोण आहे!"

मी कशी उतरले मला आठवत नाही. लेक जिन्याच्या तोंडाशी गुडघ्यांवर होती. डोकं दोन गजांच्या पलीकडे, धड अलीकडे. खाली सरळ तळमजल्याची फरशी. ती आवाज न करता रडत होती. तोंड उघडं, चेहरा लाल, आवाज नाही. मालकीणबाईंना ती दिसली ते केवळ त्या पत्रपेटी उघडायला बाहेर आल्या आणि वरून काहीतरी टपकलं म्हणून. लाळ होती.

मी तिला मागून धरलं, ओढलं. कान अडकत होते. ओढलं की ती आक्रसत होती. मालकीणबाई धापा टाकत वर आल्या. "ओढू नका! मान! ओढू नका." त्यांनी साबणाचं पाणी आणलं, कानांना लावलं. काही नाही. तेल लावलं. काही नाही. लेक आता मोठ्याने रडायला लागली होती, आणि खरं सांगते, मला त्या आवाजाने धीर आला.

"करवत आणते," मालकीणबाई म्हणाल्या. दोन पायऱ्या उतरून थांबल्या, वळल्या. "आधी तिच्या आईला फोन लावा."

"तुम्ही करवत आणा ना!"

"आणतेय. पण मूल तिचं आहे. काही बरंवाईट झालं तर? तिला कळायला नको? कशीही असली तरी आई आहे ती. लावा फोन!"

"मी आहे," मी म्हणाले.

"तुम्ही आहात हो, पण तिची आई—"

"मीच आहे. मीच तिची आई. माझीच आहे ही. नणंदेची नाही." मी लेकीचं अंग दोन्ही हातांनी धरून गुडघ्यांवर बसले होते, तिच्या पाठीत तोंड घालून, त्यामुळे मला मालकीणबाईंचा चेहरा दिसत नव्हता. "आणा ना हो करवत."

 मग त्यांची पावलं खाली गेली आणि वर आली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या ओढणीची घडी करून लेकीच्या गालाशी, मानेशी ठेवली, एक हात तिच्या डोक्यावर धरला आणि गज खालून कापायला घेतला. "गाणं म्हणा काहीतरी," म्हणाल्या. मला काही सुचेना. मी आकडे म्हणत गेले, एक दोन तीन, लेक आकड्यांना हसते म्हणून. त्या सावकाश कापत होत्या, घाई न करता, बारीक दातांच्या करवतीने. लाकडाचा पिवळा भुगा पायरीवर पडत होता. गज सुटला तसा त्यांनी तो वाकवून बाजूला धरला आणि मी तिला मागे घेतलं.

तिचे कान लाल झाले होते, हनुवटीला खरचटलं होतं. बाकी काही नाही. मी तिला तपासलं, पुन्हा तपासलं, बोटं, मान, डोळे. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होती आणि मालकीणबाई कापलेल्या गजाच्या टोकावरून अंगठा फिरवत पायरीवर बसल्या होत्या.

"मी त्या बाईला काय काय बोलले," त्या शेवटी म्हणाल्या.

मी लेकीची पाठ थोपटत राहिले.

"माझ्या दारात उभं करून बोलले. आणि तिने ऐकून घेतलं." त्यांनी हात पुढे केला. "नंबर द्या तिचा."

मी त्यांच्या फोनवर नंबर दाबून दिला. नणंदेचा आवाज मला बाहेर स्पष्ट ऐकू येत होता, मागे पाण्याचा आणि पोरांचा गोंगाट. मालकीणबाई म्हणाल्या, "मी तुमच्या वहिनींची घरमालकीण. मला कळलं आत्ता. मी तुम्हाला नको नको ते बोलले, ते मागे घेते. तुम्ही तिच्या आत्या आहात हे मला माहीत नव्हतं."

पलीकडून नणंद ओरडली, "तिला काय झालं? पोरीला काय झालं? कळायचं काहीतरी कारण असेल ना! बरी आहे ना ती?"

"बरी आहे. आईच्या कडेवर आहे."

फोन ठेवून त्या उठल्या, खाली गेल्या. मला वाटलं संपलं. पण त्या जमिनीच्या उरलेल्या फळ्या आणि सुतळीचं बंडल घेऊन वर आल्या. लेक माझ्या खांद्यावर झोपली होती. तिला आत निजवून, या वेळी खिट्टी वर उचलून नीट बसवून, मी बाहेर आले. त्यांनी काही न बोलता फळीचं एक टोक माझ्याकडे दिलं. मी धरलं. त्या फळी कठड्याला आडवी लावून गजांना बांधत गेल्या. कातीव काम फळ्यांमागे झाकत गेलं.

"खाली धरा. अजून खाली. हं." गाठ मारून त्या पुढच्या गजाकडे सरकल्या. "का केलंत?"

मी त्यांना भिंतीचं सांगितलं. काळे ठिपके, शिट्टी, डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते. त्या ऐकत होत्या, यंत्राचा कान माझ्याकडे करून.

"हे आधी सांगितलं असतंत तर," त्या म्हणाल्या.

"तर दिलं असतं घर?"

त्यांनी विचार केला. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नाही, हे मला दिसलं. "नाही," म्हणाल्या. "नसतं दिलं. अजूनही देत नाहीये. या फळ्या तात्पुरत्या आहेत. तुम्हीसुद्धा. कोरडी जागा मिळेपर्यंत राहा. ओल्या जागेत जाऊ नका घाईने. मीही बघते ओळखीत."

"हो," मी म्हणाले. आणखी काय म्हणणार? माफ करा म्हणायला मी दोनदा तोंड उघडलं, पण कापलेला गज तिथे पायरीवर पडलेला होता, आणि शब्द फार लहान वाटत होता. तरी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की काय, कळलं नाही. पुढची फळी घेतली.

बऱ्याच वेळाने, गाठ दातांनी ओढता ओढता त्यांनी विचारलं, "किती महिन्यांची?"

"बाराव्यात लागली आहे."

"दात?"

"सहा. सातवा येतोय. वरचा."  या घरात आल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारणार कसं? "दोन दिवस काही खात नाहीये त्यामुळे. मऊ केलेलं गाजर तेवढं खाते. आणि उभी राहते आता, कशाला तरी धरून. एक पाऊल टाकलं तिने सोमवारी. खरं म्हणजे पडलीच, पण टाकलं."

"आणि आई म्हणते."

"हो. आई म्हणते," मी म्हणाले. "मलाच म्हणते."

 सुतळी संपत आली होती. त्यांनी उरलेला तुकडा माझ्या हातात दिला आणि शेवटची गाठ मला मारायला सांगितली.